चार अँटिबॉडींचं पॅनेल: दात्यासाठी दोन तारे, रुग्णासाठी चार

टाइप १ मधुमेहाच्या ऑटोअँटिबॉडींचं, म्हणजे शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध बनवतं त्या अँटिबॉडींचं, पॅनेल आता बहुतेक मोठ्या प्रयोगशाळांच्या यादीत असतं. जीएडी, आयए-२, झेडएनटी८ आणि इन्शुलिन या चार प्रथिनांविरुद्धच्या, त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार अँटिबॉडी एकाच नमुन्यात तपासून मिळतात. काही ठिकाणी जुनी आयलेट सेल अँटिबॉडीही, म्हणजे आयसीए, सोबत असते. आयलेट म्हणजे स्वादुपिंडातले इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके. स्वादुपिंड प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्रांना हे पॅनेल दोन कामांसाठी विकलं जातं. दात्याचं स्वादुपिंड घ्यावं की नाही हे ठरवायला, आणि प्रत्यारोपणानंतर रुग्णाचा मूळ आजार परत येतोय का हे पाहायला. दोन्हीकडे चाचणी तीच, संच तोच, दरही तोच. तरीही पहिल्या कामात आम्ही तिला पाचपैकी दोन तारे देतो आणि दुसऱ्यात चार.

आधी पॅनेलमध्ये काय मिळतं ते पाहू. आयसीए ही यातली सर्वांत जुनी चाचणी, १९७४ सालची. माणसाच्या स्वादुपिंडाच्या गोठवलेल्या पातळ कापावर रुग्णाचं सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) टाकायचं आणि फ्लुरोसंट सूक्ष्मदर्शकाखाली आयलेट चमकतात का ते पाहायचं. निकाल बघणाऱ्याच्या नजरेवर ठरतो, प्रत्येक नवा काप थोडा वेगळा वागतो, आणि शिकवलेला डोळा आता दुर्मिळ झाला आहे. कोणी आयसीए जादा पैसे घेऊन देत असेल तर ती सोडली तरी चालेल. इन्शुलिन अँटिबॉडी लहान मुलांमध्ये फार उपयोगी, पण प्रत्यारोपणाच्या रुग्णात निरुपयोगी. बाहेरून इन्शुलिन सुरू झालं की साधारण दोन आठवड्यांत शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवू लागतं, आणि ती आजाराची की इंजेक्शनची हे चाचणीला ओळखता येत नाही. वर्षानुवर्षं इन्शुलिन घेतलेल्या माणसाच्या अहवालातला हा रकाना वाचूच नये. दात्यात मात्र तो वाचता येतो. अतिदक्षता विभागात दात्याला दोन-तीन दिवस इन्शुलिन चालू असलं तरी तेवढ्यात अँटिबॉडी तयार होत नाही.

झेडएनटी८ ही २००७ साली सापडलेली, सर्वांत नवी. ती घेताना एक गोष्ट विचारायलाच हवी. या प्रथिनात ३२५ क्रमांकाच्या जागी कोणाकडे आर्जिनिन असतं, कोणाकडे ट्रिप्टोफॅन. अँटिबॉडी यातल्या एकाच रूपाला चिकटणारी असू शकते. संचात दोन्ही रूपं नसतील तर खरी पॉझिटिव्ह व्यक्ती निगेटिव्ह दिसेल. शिवाय दात्याचं रूप एक आणि रुग्णाचं दुसरं असू शकतं, हे प्रत्यारोपणात वेगळंच लक्षात ठेवावं लागतं. चांगले संच दोन्ही रूपं एकत्र जोडून वापरतात. विक्रेत्याला याचं उत्तर पटकन देता आलं नाही तर संच बदला.

पद्धतींमध्ये आज सर्वाधिक चालते ती ब्रिजिंग एलायझा, म्हणजे अँटिबॉडी रंगाच्या गडदपणावरून मोजणारी प्लेटवरची चाचणी. अँटिबॉडीला दोन हात असतात. एका हाताने ती प्लेटच्या वेलला (छोट्या खळग्याला) चिकटवलेल्या जीएडीला धरते, दुसऱ्या हाताने द्रवात टाकलेल्या, बायोटिन जोडलेल्या जीएडीला. मग स्ट्रेप्टॅव्हिडिन-पेरॉक्सिडेज, मग रंग देणारं द्रावण, मग आम्ल टाकून क्रिया थांबवायची आणि ४५० नॅनोमीटरवर वाचायचं. जीएडीला एका वेलमागे साधारण २५ मायक्रोलिटर सीरम पुरतं, पण प्रत्येक नमुना दोन वेलमध्ये लावायचा असतो, म्हणून चार चाचण्या आणि एखादी पुनर्तपासणी धरून अर्धा मिलिलिटर सीरम हाताशी ठेवावं. धुण्याची पायरी घाईत उरकली की सगळ्यांत आधी इथेच बिघडतं. वेलमध्ये थेंब राहिला तर पार्श्वरंग वाढतो आणि सीमेवरचा नमुना सीमेपलीकडे जातो. जोडीच्या दोन वेलमध्ये फार फरक आला तर सरासरी काढून अहवाल देणारी प्रयोगशाळा टाळावी. तो नमुना पुन्हा लावायचा असतो.

जीएडी आणि आयए-२ची युनिटं जागतिक आरोग्य संघटनेच्या ९७/५५० या संदर्भ-सीरमवर बसवलेली असतात, म्हणून दोन प्रयोगशाळांचे आकडे तोंडावर सारखे दिसतात. प्रत्यक्षात प्रत्येक संचाची पॉझिटिव्हची सीमारेषा वेगळी असते. एका ठिकाणचा १२ आणि दुसऱ्या ठिकाणचा १९ यांची तुलना करून ‘अँटिबॉडी वाढली’ म्हणणं चूक. वाढ पाहायची असेल तर जुना साठवलेला नमुना आणि नवा नमुना एकाच दिवशी, एकाच प्लेटवर लावायला सांगा. चांगल्या प्रयोगशाळा हे करतात, आणि न विचारताही करतात.

आता दोन ताऱ्यांचं कारण. ही सीमारेषा बहुधा निरोगी लोकांच्या ९९व्या शतमकावर ठेवलेली असते. म्हणजे प्रत्येक चाचणी शंभरातल्या एका निरोगी माणसाला पॉझिटिव्ह ठरवणार, हे तिच्या रचनेतच आहे. चार चाचण्या लावल्या आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तर किमान एक पॉझिटिव्ह येण्याची शक्यता ३.९ टक्के. आता बेल्जियमच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहा. मधुमेह नसलेले, २५ ते ६० वयाचे १५०७ अवयवदाते त्यांनी आयसीए, जीएडी, आयए-२ आणि इन्शुलिन या चार अँटिबॉडींसाठी तपासले. त्यातले ६२ पॉझिटिव्ह निघाले, म्हणजे ४.१ टक्के. आकडा नुसत्या गणिताच्या इतका जवळ जातो की दात्यातल्या एकट्या पॉझिटिव्ह निकालांपैकी बहुतेक चाचणीच्या आखणीतूनच जन्मलेले असावेत, असं आम्ही मानतो.

त्या अभ्यासाचा पुढचा भाग जास्त मोलाचा. या ६२ जणांच्या स्वादुपिंडाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. आयलेटमध्ये लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) घुसलेले, म्हणजे इन्शुलायटिस, फक्त दोघांत सापडला. तोही एकात ३ टक्के आणि दुसऱ्यात ९ टक्के आयलेटमध्ये. हे दोघेही अनेक अँटिबॉडी पॉझिटिव्ह असलेल्या छोट्या गटातले होते. बेटा पेशींचं, म्हणजे इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींचं, क्षेत्र कमी झालेलं नव्हतं. एकच अँटिबॉडी असलेल्यांचं स्वादुपिंड काचेखाली निरोगी माणसासारखंच दिसलं.

हेच मुलांच्या दीर्घ पाठपुराव्यातही दिसतं. जन्मापासून पाहिलेल्या मुलांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, दोन किंवा अधिक अँटिबॉडी आलेल्या मुलांपैकी जवळपास ७० टक्क्यांना दहा वर्षांत मधुमेह झाला. एकच अँटिबॉडी असलेल्यांत हे प्रमाण १४.५ टक्के होतं. लक्षात घ्या, ही मुलं होती, आणि बहुतेकांना आनुवंशिक धोका होता. पन्नाशीच्या दात्यात एकट्या जीएडीचं वजन याहून बरंच कमी. थायरॉइडच्या स्वप्रतिकार आजारातही जीएडी सापडते, आणि स्टिफ-पर्सन सिंड्रोममध्ये (स्नायू ताठरण्याचा दुर्मिळ आजार) ती प्रचंड प्रमाणात असते, तिथे मधुमेह असेलच असं नाही.

दात्याच्या अँटिबॉडीची भीती कशाची, हे नीट उलगडायला हवं. रक्तातली जीएडी किंवा आयए-२ अँटिबॉडी स्वतः बेटा पेशी मारत नाही. ते काम टी-पेशींचं, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या मारक पेशींचं. दात्याची अँटिबॉडी अवयव धुताना बहुतांश निघून जाते, उरलेली आयजीजी (या अँटिबॉडींचा मुख्य प्रकार) साधारण तीन आठवड्यांच्या अर्धायुष्याने संपते. म्हणून ‘अँटिबॉडी रुग्णात जाईल’ ही काळजी फोल. खरी काळजी एवढीच की ती अँटिबॉडी दात्याच्या आयलेटमध्ये आधीच सुरू झालेल्या दाहाची खूण असेल, आणि बेटा पेशींचा साठा थोडा कमी असेल. ती खूण किती भरवशाची, ते वरच्या आकड्यांत आलंच.

आणि मूळ आजार परत यायला दात्याची अँटिबॉडी लागतच नाही. मिनेसोटा विद्यापीठात, जिथे १९६६च्या डिसेंबरमध्ये स्वादुपिंडाचं पहिलं प्रत्यारोपण झालं, तिथेच पुढे एकसारख्या जुळ्यांमध्ये स्वादुपिंडाचा तुकडा बसवला गेला. दाता निरोगी जुळा, रुग्ण मधुमेही जुळा. ऊती जुळत असल्याने पहिल्या काहींना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली नाहीत. काही आठवड्यांत ते काही महिन्यांत साखर पुन्हा चढली. बायोप्सीत इन्शुलायटिस आणि निवडून मारलेल्या बेटा पेशी दिसल्या. शरीराने परका अवयव नाकारणं (रिजेक्शन) नव्हतं. रुग्णाच्या स्मृती टी-पेशींनी (जुना हल्ला लक्षात ठेवणाऱ्या टी-पेशींनी) निरोगी जुळ्याच्या बेटा पेशी ओळखल्या आणि संपवल्या. या एका निरीक्षणामुळे आम्ही प्रश्न दात्याकडून रुग्णाकडे वळवतो.

तरी दात्याचं पॅनेल लावायचंच असेल, तर नमुना कुठला घेतला हे पहिलं पाहा. मेंदूमृत दात्याला शेवटच्या दिवसांत रक्त, प्लाझ्मा, सलाइन भरपूर दिलेलं असतं. रक्त पातळ झालं की कमी मात्रेची अँटिबॉडी सीमेखाली जाते. उलट बाजूने, इतरांच्या प्लाझ्मातून किंवा शिरेतून दिलेल्या इम्युनोग्लोब्युलिनमधून दुसऱ्याच कोणाची जीएडी अँटिबॉडी येऊ शकते. इम्युनोग्लोब्युलिन हजारो लोकांच्या प्लाझ्मातून बनतं, त्यात जीएडी अँटिबॉडी असणं नेहमीचं. म्हणून रुग्णालयात दाखल होताना घेतलेला पहिला नमुना, रक्त चढवण्यापूर्वीचा, मिळवा. तो सहसा तिथल्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये काही दिवस असतो, पण कोणी मागितला नाही तर फेकला जातो. सीरमच घ्यावं. अनेक संच प्लाझ्मा चालत नाही असं स्पष्ट लिहितात, आणि फुटलेल्या तांबड्या पेशींचा किंवा दुधाळ नमुना नाकारायला सांगतात.

दात्याची साखर मात्र अँटिबॉडीच्या जोडीला पुरावा म्हणून वापरू नका. मेंदूमृत्यूनंतरचा ताण आणि मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड यांनी ती चढतेच. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी) जास्त बरं, पण रक्त चढवलेलं असेल तर ते खोटं कमी दिसतं. सी-पेप्टाइड (इन्शुलिनसोबत तयार होणारा तुकडा, शरीर स्वतः किती इन्शुलिन बनवतं याची खूण) मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून मूत्रपिंड बिघडलेल्या दात्यात ते फुगलेलं असतं.

दुसरी अडचण वेळेची, आणि विक्रेते ती सहसा बोलत नाहीत. काढलेलं स्वादुपिंड बर्फात शक्यतो १२ तासांच्या आत रुग्णात जोडायचं असतं. आयए-२चे काही संच नमुना रात्रभर थंडीत ठेवायला सांगतात. जीएडीची एलायझा धुणी-मोजणी धरून तीन-चार तासांत होते, पण मध्यरात्री प्लेट लावणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ हवा. एका प्लेटवर मानक, नियंत्रण आणि एकच दाता असं चालवलं तर बाकीची प्लेट वायाच. जीएडी, आयए-२ आणि झेडएनटी८ एकाच वेलमध्ये तपासणारा एकत्रित संच वेळ वाचवतो, पण पॉझिटिव्ह आला की कोणती अँटिबॉडी आणि किती, हे कळायला वेगळ्या तीन चाचण्या लागतात. निर्णय ज्याच्यावर अवलंबून तो आकडा नेमका उशिरा येतो. त्यामुळे बहुतेक वेळा दात्याचा निकाल प्रत्यारोपण झाल्यावरच हाती पडतो. यात वाईट काही नाही, फक्त ‘निवडीसाठी’ म्हणून पैसे देत असाल तर ते कशासाठी देतोय हे ठाऊक असावं.

निकाल वेळेत आलाच तर? एकटी जीएडी, मात्रा कमी, दात्याचं एचबीए१सी ठीक आणि स्वादुपिंड हाताला मऊ, चरबी कमी: आमच्या मते स्वीकारावं. दोन किंवा अधिक अँटिबॉडी असतील तर नाकारावं किंवा किमान निर्णय वरिष्ठांकडे न्यावा. वरच्याच गणिताने, दोन चाचण्या योगायोगाने एकत्र पॉझिटिव्ह येण्याची शक्यता ०.०६ टक्क्याच्या आसपास, म्हणून तिथे निकालाला अर्थ आहे. मधली जागा एकट्या आयए-२ची किंवा जास्त मात्रेच्या जीएडीची. तिथे दात्याचं वय पाहा, वीस वर्षांचा दाता आणि पंचावन्नचा दाता एक नव्हेत. एकट्या अँटिबॉडीवर स्वादुपिंड फेकणाऱ्या केंद्राने हे विसरू नये की शंभर दात्यांमागे चार अवयव असे जातात, आणि त्यातले जवळजवळ सगळे चांगले असतात.

आता रुग्णाची बाजू, जिथे हे पॅनेल खरोखर पैसे वसूल करतं. मूत्रपिंडासोबत स्वादुपिंड मिळालेल्या रुग्णांत टॅक्रोलिमस आणि मायकोफिनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं नियमित चालू असूनही साधारण ५ ते ८ टक्क्यांत मूळ आजार परततो, बहुधा काही वर्षांनी. मायामीच्या गटाने दाखवलं की साखर चढण्याच्या महिने-वर्षं आधी अँटिबॉडी दिसू लागते. आधी नसलेली नवी अँटिबॉडी येणं किंवा जुनीची मात्रा ठळक वाढणं, या दोन्ही घंटा. झेडएनटी८ नव्याने पॉझिटिव्ह होणं विशेष गंभीर धरावं.

त्यासाठी शस्त्रक्रियेच्या आधीचा नमुना अत्यावश्यक. पंचवीस वर्षांच्या मधुमेहानंतरही अनेकांत जीएडी टिकून असते, त्यामुळे नंतरचा एकटा पॉझिटिव्ह काहीच सांगत नाही. आधीचा नमुना, मग ३, ६ आणि १२ महिने, पुढे दरवर्षी, आणि साखर वा सी-पेप्टाइड बिघडल्यास लगेच, हे वेळापत्रक आम्हाला पुरेसं वाटतं. रुग्णाला इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर तीन महिने थांबा. चार अर्धायुष्यं गेल्यावर बाहेरून आलेल्यातला सोळावा हिस्सा उरतो.

साखर चढली की नाकारणं, मूळ आजार की औषधांचा परिणाम, हा गुंता सुटायला पॅनेल एकटं पुरत नाही, पण त्याशिवाय सुटतही नाही. नाकारण्याचा मारा आधी पचनरस बनवणाऱ्या पेशींवर पडतो, म्हणून अमायलेज आणि लायपेज वाढतात. स्वादुपिंड मूत्राशयाला जोडलेलं असेल तर लघवीतलं अमायलेज घसरतं, आणि मूत्रपिंड त्याच दात्याचं असेल तर रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडल्याची खूण) चढतं. मूळ आजारात हे सगळं शांत असतं, फक्त सी-पेप्टाइड उतरत जातं. टॅक्रोलिमस, स्टेरॉइड आणि वाढलेलं वजन यांमुळे साखर चढली असेल तर सी-पेप्टाइड बहुधा टिकून असतं. दात्याच्या एचएलएविरुद्धच्या (पेशींवरच्या ओळख-प्रथिनांविरुद्धच्या) अँटिबॉडी याच वेळी तपासा. त्यांचा आणि ऑटोअँटिबॉडींचा अहवाल अनेकदा वेगवेगळ्या विभागांतून येतो आणि दोन्ही कागद एका टेबलावर कोणी ठेवत नाही.

बायोप्सी करायची तर पॅथॉलॉजिस्टला इन्शुलिन आणि ग्लुकॅगॉन (आयलेटमधलंच दुसरं संप्रेरक) दोन्हीचे रंग लावायला लेखी सांगा. ग्लुकॅगॉन आहे पण इन्शुलिन नाही, असे आयलेट हीच मूळ आजाराची सही. साध्या रंगात ते निरोगी आयलेटसारखेच दिसतात. आयलेट स्वादुपिंडाच्या वजनाचे १ ते २ टक्केच असतात आणि दाह ठिकठिकाणी तुरळक असतो, म्हणून सुईच्या तुकड्यात काही न सापडणं म्हणजे काही नाही असं नव्हे.

चार तारे दिले, पाच नाहीत, त्याचं कारण निगेटिव्ह निकाल. जीएडी आणि आयए-२ दोन्ही नसतानाही मूळ आजार परतल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली आहेत. टी-पेशी मोजायची सोय नेहमीच्या सेवेत नाही, आणि पॅनेल तिची जागा घेऊ शकत नाही. शिवाय पॉझिटिव्ह आल्यावर करायचं काय, हा प्रश्नही आहे. टी-पेशी आणि बी-पेशी संपवणारी औषधं देऊन पाहिली गेली, पण बेटा पेशी वाचल्या असं टिकाऊ यश मर्यादित. लवकर कळण्याचा फायदा इतकाच की बायोप्सी वेळेत होते, आणि नाकारणं समजून उगाच स्टेरॉइडचा मारा होत नाही.

प्रयोगशाळा निवडताना आयलेट ऑटोअँटिबॉडी मानकीकरण कार्यक्रमात तिने भाग घेतला होता का आणि प्रत्येक अँटिबॉडीची संवेदनशीलता व विशिष्टता किती आली, हे आकड्यांत मागा. एकट्या जीएडीची दुसऱ्या पद्धतीने खातरजमा होते का तेही विचारा. इलेक्ट्रोकेमिल्युमिनेसन्सवर (विजेने उजळणारा प्रकाश मोजणारी पद्धत) किंवा पुढचं टोक कापलेल्या जीएडीवर टिकणारा पॉझिटिव्ह जास्त अर्थपूर्ण असतो, कारण कमी आसक्तीच्या, म्हणजे सैल चिकटणाऱ्या, निरुपद्रवी अँटिबॉडी तिथे गळतात. अहवालात फक्त ‘पॉझिटिव्ह’ लिहून देणाऱ्यांकडे जाऊ नका. आकडा, सीमारेषा, पद्धत आणि नमुन्याची तारीख या चारही गोष्टी हव्यात.

पैसे कमी असतील तर दात्याचं पॅनेल त्या रात्री न लावता त्याचं रक्त चढवण्यापूर्वीचं सीरम अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरच्या चार नळ्यांत उणे ८० अंशांवर ठेवा, रुग्णाच्या शस्त्रक्रियेआधीच्या सीरमच्या चार नळ्या शेजारी. नळीवर तारीख, वेळ आणि त्याआधी कोणते रक्तघटक दिले ते लिहा. नळी एकदा वितळवली की पुन्हा गोठवू नका, म्हणूनच लहान भाग.